एफ/६४ चा हट्ट आणि आपले छोटे कॅमेरे

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली. भोक पाडलेली धातूची पट्टी भिंगाच्या खाचेत सरकवून अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे भिंगातले छिद्र, बदलायची सोय त्यानंतर चारेक वर्षांनी आली. फोटोच्या प्लेटी मंद होत्या, प्रकाश टिपायला वेळ घेत. छिद्र बारीक केले की प्रकाश आणखी कमी, म्हणून समोरच्याने बराच वेळ हलायचे नाही, एवढे त्या काळाबद्दल पुरे.

खरा गुंता १९३२ चा. धूसर, पेंटिंगसारख्या फोटोंना विटलेल्या कॅलिफोर्नियातल्या काही जणांनी गट काढला आणि त्याला भिंगावरच्या आकड्याचेच नाव दिले: एफ/६४. हा आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक, आणि जवळचे-दूरचे तितके जास्त फोकसमध्ये. पायाजवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे रेखीव हवे, हा त्यांचा हट्ट. तो चुकीचा नव्हता, पण बेतलेला होता आठ बाय दहा इंची निगेटिव्हवर, आणि तिची प्रिंट बहुधा मोठी न करता थेट काढायची. त्या निगेटिव्हचा कर्ण आपल्या छोट्या कॅमेऱ्यांतल्या ३५ मिमी फिल्मच्या साधारण साडेसातपट. म्हणजे त्याच प्रमाणात त्यांचे एफ/६४ आपल्या कॅमेऱ्यावर जेमतेम एफ/८ किंवा ९! हा हिशेब मागेच राहिला आणि 'छिद्र जितके बारीक तितका फोटो शार्प' एवढेच पुढे आले. मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेल्या एसएलआर कॅमेऱ्यावरही मग एफ/२२ लागू लागले.

अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. एफ/२२ ला हिरव्या प्रकाशाच्या एका बिंदूचा सुमारे ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या, सेन्सरचा पिक्सेल असतो सुमारे ६ मायक्रॉनचा. पोस्टकार्ड प्रिंटवर हे खपून जायचे. स्क्रीनवर शंभर टक्के झूम करायची सवय लागली आणि बिंग फुटले.

तरी इथे बारीक छिद्राची हौस टिकली, ती शार्पनेससाठी नव्हे. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांना एफ/१६ वर किरण फुटतात: अ‍ॅपर्चरची पाती नऊ असतील तर अठरा, आठ असतील तर आठच. संध्याकाळी बँडस्टँडच्या खडकांवरचे पाणी दुधाळ करायला एनडी फिल्टरचा, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या काळसर काचेचा, खर्चही वाचतो. त्याची वसुली सेन्सरवरची धूळ करते. एरवी न दिसणारे ठिपके एफ/२२ वर आकाशभर उमटतात.

आता बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. सेन्सर इतका लहान, की सताड उघड्या छिद्रावरही बरेच काही फोकसमध्ये राहते, आणि पार्श्वभूमी धूसर हवी तर ती सॉफ्टवेअरने करावी लागते.