अमेरिकेतली घटस्फोटाची डिक्री काउंटीतून कशी मिळवायची आणि अर्ज नेमके कुठे अडतात

"डिक्री आहे हो माझ्याकडे," असं सांगून लोक व्हॉट्सॲपवर जे पाठवतात ती पुष्कळदा डिक्री, म्हणजे न्यायाधीशाच्या सहीचा घटस्फोटाचा निकाल, नसतेच. वकिलाने केस संपताना ईमेल केलेली पीडीएफ असते. दोघांच्या सह्या असलेल्या समझोत्याचं शेवटचं पान असतं. एकदा तर कोर्टाच्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट आला, त्यात केस नंबरापुढे 'डिस्पोज्ड' एवढंच लिहिलेलं. तिकडे पुण्यात कार्यालयाचा ॲडव्हान्स भरलेला, आणि विवाह नोंदणीचा माणूस विचारतोय, "आधीचं लग्न संपल्याचा कोर्टाचा कागद?"

ओळखीपाळखीतल्या लोकांचे हे कागद मी बरीच वर्षं बघते आहे. फॉर्म कठीण नसतो. चुकीच्या कचेरीत चुकीचा कागद मागितला जातो, अडतं ते तिथे.

कागद लागतो कोणाला, हे थोडक्यात. भारतात किंवा अमेरिकेत पुन्हा लग्न करायचंय, भारतीय पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायचंय, नव्या जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा आय-१३० भरायचाय, किंवा भारतातल्या फ्लॅटच्या कागदांवर वैवाहिक स्थिती दाखवायची आहे. या सगळ्यांना कोर्टाचा कागद लागतो, वकिलाचा चालत नाही.

आधी काउंटी शोधा

अमेरिकेत घटस्फोट हा राज्यांचा विषय. सगळ्या देशाची एकत्र नोंद कुठेही नाही. 'पेसर' नावाची कोर्टाची वेबसाइट फेडरल खटल्यांची आहे. तिथे दिवाळखोरी सापडेल, घटस्फोट सापडणार नाही. लग्न कुठे झालं याच्याशी काही संबंध नाही आणि आज तुम्ही कुठे राहता याच्याशीही नाही. ज्या काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कोर्टात केस दाखल झाली, फाइल तिथेच.

आपल्या लोकांना शहर तोंडपाठ असतं, काउंटी विचारली की गप्प. एडिसन मिडलसेक्स काउंटीत, जर्सी सिटी हडसनमध्ये. फ्रीमाँट अलामीडात, सनीव्हेल सांता क्लारात. डब्लिन आणि सॅन रॅमोन एकमेकांना चिकटलेली गावं, पण पहिलं अलामीडात आणि दुसरं कॉन्ट्रा कॉस्टात. नेपरव्हिल ड्युपेज आणि विल अशा दोन काउंट्यांत पसरलंय, टेक्ससमधलं फ्रिस्को कॉलिन आणि डेंटनमध्ये. त्यामुळे गावाच्या नावावर जाऊ नका, त्या वेळच्या घराच्या पत्त्यावरून काउंटी काढा. आणि केस समोरच्याने टाकली असेल तर त्याच्या पत्त्यावरून. टेक्ससमध्ये केस टाकण्यासाठी दोघांपैकी एकजण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस राहिलेला असावा लागतो, कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन. म्हणजे वेगळं झाल्यावर नवरा डॅलसहून ह्यूस्टनला गेला असेल तर फाइल ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत असू शकते, आणि तुम्ही डॅलसच्या खिडकीवर "नो रेकॉर्ड" ऐकून रडत घरी येता.

काउंटी कळली तरी खिडकी कुठली, हा पुढचा घोळ. टेक्ससमध्ये काउंटी क्लर्ककडे जाऊ नका. लग्नाचा परवाना तो देतो, घटस्फोटाची फाइल डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असते. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट सुप्रीम कोर्ट देतं. हे ऐकून एका काकूंनी मला काळजीने विचारलं होतं, "एवढ्या वरपर्यंत गेलं का गं प्रकरण?" नाही, तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचंच कोर्ट. कागद मात्र त्या काउंटीच्या क्लर्ककडे. तिथे फॅमिली कोर्ट नावाचं वेगळं कोर्ट आहे आणि ते घटस्फोट देत नाही, तरी लोक नाव वाचून तिकडेच जातात. पेनसिल्व्हेनियात या अधिकाऱ्याला प्रोथोनोटरी म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयात ज्यांनी कधी काम केलंय त्यांना हा शब्द नवा नाही, बाकीच्यांना तो औषधाच्या दुकानातला वाटतो. न्यू जर्सीत सुपीरियर कोर्टाचा फॅमिली विभाग, आणि प्रत ट्रेंटनच्या सुपीरियर कोर्ट क्लर्ककडूनही मागता येते.

केस नंबर हातात असेल तर अर्धं काम झालं. न्यू जर्सीत तो 'एफएम'ने सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे काउंटीचे: १२ म्हणजे मिडलसेक्स, ०९ हडसन, १८ सॉमरसेट. वॉशिंग्टन राज्यात वर्षानंतर '३' आला की कौटुंबिक केस. जुन्या ईमेलमध्ये, वकिलाच्या बिलावर, मुलाच्या कस्टडीच्या कागदावर हा नंबर कुठेतरी असतोच. तेवढा शोधा.

नाव सापडत नाही

नंबर नसेल तर क्लर्क नावाने शोधतो, आणि मराठी नाव अमेरिकन इंडेक्समध्ये शोधणं म्हणजे खेळ आहे. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, नवऱ्याचं नाव मधे येतं, काही घरांत तर पहिलं नावही तांदळात लिहून बदलतात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बँक खातं सासरच्या, केस तिसऱ्याच नावाने. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. मग कोर्टाच्या इंडेक्समध्ये तुमचं नाव अक्षरशः एफएनयू असू शकतं. मधलं नाव आडनाव म्हणून चढलेलंही मी पाहिलंय. म्हणून अर्जात माहेरचं, सासरचं, दोन्ही स्पेलिंगं, सगळं लिहा, आणि समोरच्याच्या नावाने शोधायला सांगा. पुरुषांची नावं बहुधा एकाच रूपात सापडतात, त्यांनी काय बदललेलं असतं?

आणि तारीख. अमेरिकेत ०३/०७/२०१४ म्हणजे ७ मार्च, ३ जुलै नव्हे. भारतातल्या अर्जात ही तारीख उलटी उतरवल्यामुळे 'कागद आणि अर्ज जुळत नाहीत' असा शेरा आलेला अर्ज मी पाहिलाय. महिना अक्षरात लिहा.

सर्टिफिकेट नको, डिक्री हवी

राज्याचं आरोग्य खातंही घटस्फोटाचा एक कागद देतं, आणि तो स्वस्त नि पटकन मिळतो म्हणून लोक तोच मागवतात. त्यात नावं, तारीख, काउंटी यापलीकडे फारसं काही नसतं. टेक्सस तर १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं नुसतं पडताळणी-पत्र देतं. न्यूयॉर्ककडे प्रमाणपत्र १९६३ पासूनचं आहे. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ एवढीच नोंद आहे, त्यानंतर घटस्फोट झालेल्याने तिथे पैसे भरू नयेत. भारतात दाखवायचं असेल तर न्यायाधीशाच्या सहीचा निकालच लागतो. अर्जात नेमके शब्द लिहा: अंतिम निकालाची सर्टिफाइड कॉपी, सर्व पानांसह. नुसतं 'कॉपी' लिहिलंत तर साधी झेरॉक्स येते, आणि तिच्यावर शिक्का नसतो.

इंटरनेटवर 'घटस्फोटाची नोंद पाच मिनिटांत' म्हणणाऱ्या खासगी वेबसाइट्स आहेत. त्या इंडेक्समधली ओळ विकतात. कोर्टाचा शिक्का त्यांच्याकडे असूच शकत नाही. मला विचारून पैसे घालवलेला कोणी भेटलेला नाही, सगळे नंतर विचारतात.

न्यूयॉर्कमध्ये फाइल १०० वर्षं बंद असते. तुम्ही स्वतः किंवा तुमचा वकील, नाहीतर तुमच्या नोटरी केलेल्या अधिकारपत्रासह आलेला माणूस, यांनाच मिळते. कॅलिफोर्नियात कौटुंबिक फाइलचे कागद घरबसल्या ऑनलाइन दिसत नाहीत, कोर्टातच जाऊन किंवा पत्राने मागवावे लागतात. ऑनलाइन काही दिसलं नाही म्हणून केसच नाही, असं समजून बसू नका.

निकालाची तारीख आणि घटस्फोटाची तारीख

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मॅसॅच्युसेट्समध्ये कोर्ट आधी 'नायसाय' निकाल देतं. तो पक्का होतो ९० दिवसांनी, आणि दोघांनी मिळून अर्ज केला असेल तर मंजुरीनंतर ३० दिवसांनी नायसाय आणि त्यापुढे ९० दिवस. लोक नायसायची प्रत घेऊन भारतात येतात. तिच्यावर शिक्काही असतो, सहीही असते, पण घटस्फोट झालेला नसतो. तिथे निकाल पक्का झाल्याचं वेगळं प्रमाणपत्र मागायचं.

कॅलिफोर्नियात समन्स बजावल्यापासून किंवा समोरचा हजर झाल्यापासून सहा महिने पूर्ण व्हावे लागतात. न्यायाधीशाने सही आधी केली तरी लग्न संपण्याची तारीख पुढची असू शकते. एफएल-१८० नावाच्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर ती तारीख वेगळी छापलेली असते, ती वाचा. टेक्ससमध्ये निकालानंतर ३१ व्या दिवसापर्यंत तिसऱ्या माणसाशी लग्न करता येत नाही. मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना हे माहीत नसतं, तेव्हा तुम्हाला माहीत असावं.

अपोस्टिल कशावर

अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं, दुसऱ्या देशात दाखवायचं प्रमाणपत्र. भारत आणि अमेरिका दोघेही अपोस्टिल करारात आहेत, भारत २००५ पासून. म्हणजे अमेरिकन कोर्टाच्या कागदावर अपोस्टिल लागलं की भारतीय वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. ते देतं राज्य: कॅलिफोर्नियात सेक्रेटरी ऑफ स्टेट, न्यू जर्सीत राज्याचं ट्रेझरी खातं. वॉशिंग्टन डीसीतल्या परराष्ट्र खात्याकडे काउंटीचा कागद पाठवलात तर तो तसाच परत येतो, कारण तिथे फक्त फेडरल कागद चालतात. शुल्क किरकोळ आहे, न्यूयॉर्कला १० डॉलर आणि कॅलिफोर्नियाला २० डॉलर. खर्च होतो तो चुकीच्या जागी पाठवण्यात.

सगळ्यात नेहमीची चूक अशी: घरातल्या प्रतीची झेरॉक्स काढायची, कोपऱ्यावरच्या नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि त्यावर अपोस्टिल लावायचं. अपोस्टिल लागतं, छान दिसतं. पण ते नोटरीच्या सहीला लागलेलं असतं, कोर्टाच्या नाही. ते परत येतं. दुसरी चूक: २००९ ची सर्टिफाइड प्रत कपाटातून काढून पाठवायची. राज्याकडे क्लर्कच्या सह्यांची नोंद असते, आणि तेव्हाच्या क्लर्कची सही जुळली नाही तर प्रत परत. नवीन प्रत काढणं सोपं.

भारतात नुसती डिक्री पुरत नाही

१९९१ च्या 'नरसिंह राव' निकालात (हे केसमधल्या नवऱ्याचं नाव, पंतप्रधानांचं नव्हे) सर्वोच्च न्यायालयासमोर होती मिझुरीतल्या सेंट लुइस काउंटीच्या कोर्टाचीच डिक्री. लग्न १९७५ चं, तिरुपतीला लागलेलं. प्रतीवर काउंटी कोर्टाच्या क्लर्कचं प्रमाणीकरण होतं, पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे लागणारं भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र नव्हतं (भारत तेव्हा अपोस्टिल करारात नव्हता), आणि कोर्टाने ती बाजूला ठेवली. त्याहून मोठा मुद्दा असा की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातल्या कारणावर घटस्फोट झाला का, आणि समोरची बाजू खरोखर हजर राहिली किंवा तिने संमती दिली का, हे बघायचं कोर्टाने ठरवलं.

म्हणून नुसती डिक्री घेऊन थांबू नका. त्याच फेरीत मूळ याचिका, समन्स बजावल्याचा पुरावा, समोरच्याचं उत्तर किंवा हजेरीचा कागद आणि दोघांच्या सह्यांचा समझोता, यांच्याही सर्टिफाइड प्रती काढा. संमतीचा घटस्फोट असेल तर हा समझोताच पुढे उपयोगी पडतो. एकतर्फी झाला असेल तर भारतात तो टिकेलच असं नाही, आणि अशा वेळी कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक स्थितीच्या घोषणेसाठी अर्ज करावा लागू शकतो. तिथे वकील गाठा, माझ्यासारखीला विचारू नका.

भारतात बसून मागवत असाल तर

बहुतेक काउंट्या पत्राने अर्ज घेतात. मनी ऑर्डर अमेरिकेतली लागते, भारतातल्या बँकेचा चेक चालत नाही, आणि परतीच्या पत्त्याचं, अमेरिकन तिकीट लावलेलं पाकीट सोबत लागतं. तिकडे चुलतभाऊ, मैत्रीण, कोणीतरी गाठून त्यांच्याकरवी करा. नोटरी केलेलं अधिकारपत्र लागणार असेल तर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत नोटरी होते, एका शिक्क्याला ५० डॉलर. अपॉइंटमेंट आधी घ्या. आणि दोन प्रती मागवा, एक वापरायची आणि एक कोणालाही न देण्याची.

प्रत हातात आली की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे स्कॅन करायला कोपऱ्यातली स्टेपलची पिन काढतात. काढू नका. क्लर्कचं प्रमाणीकरणाचं पान आणि डिक्री त्या पिनेनेच एक होतात. पिन काढून परत लावली तर भोकं जुळत नाहीत, आणि अपोस्टिलच्या खिडकीवरचा माणूस कागद उजेडाकडे धरून तेवढंच बघतो. पानं उलटवून फोनने फोटो काढा.