पाहुण्याला झापणारे सूत्रसंचालक

पाहुण्याला बोलवायचं, चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा आणि तो बघायला लोकांनी पुन्हा पुन्हा यायचं, हा प्रकार अमेरिकेत रुजवला तो जो पाइन याने. दुसऱ्या महायुद्धात मरीन म्हणून लढलेला हा माणूस १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या रेडिओ-टीव्हीवरून पाहुण्यांना आणि फोन करणाऱ्यांना सरळ झापायचा. १९७० साली तो वारला, त्याची रीत मात्र टिकली.

तिला खरं बळ १९८०च्या दशकात मिळालं. गाणी स्वच्छ आवाजाच्या एफएम रेडिओकडे गेल्याने जुन्या एएम रेडिओ केंद्रांना बोलघेवड्या कार्यक्रमांची गरज होती आणि उपग्रहामुळे एकच कार्यक्रम देशभर पोचवणं परवडू लागलं होतं. वादग्रस्त विषयांच्या वेगवेगळ्या बाजू मांडण्याचं १९४९ पासूनचं बंधन एफसीसी या अमेरिकेतल्या प्रसारण-नियामक संस्थेने १९८७ साली काढून टाकलं. त्याच वर्षी मॉर्टन डाउनी ज्युनिअर टीव्हीवर ओरडू लागला, पुढच्या वर्षी रश लिंबॉ रेडिओवरून देशभर ऐकू येऊ लागला. नियम गेला म्हणून हे सगळं घडलं, असं सर्रास सांगतात. मला ते अपुरं वाटतं. पाइन गाजत होता तेव्हा नियम होताच की!

मग प्रेक्षक खिळतो कशाने? डायना मट्झ आणि बायरन रीव्ह्ज या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे मोलाचे आहेत. नटांना उमेदवार बनवून त्यांनी एकाच चर्चेच्या दोन चित्रफिती केल्या. मुद्दे तेच, एकीत समोरच्याचं ऐकून घेणं, दुसरीत मध्येच तोडणं, उसासे टाकणं, आवाज चढवणं. मग प्रेक्षकांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. मन उत्तेजित झालं की त्वचेला नकळत सूक्ष्म घाम सुटतो आणि वीज अधिक सहज वाहते. ते लपवता येत नाही. भांडणाने ही उत्तेजना वाढली, चर्चा अधिक रंजकही वाटली. पण राजकारण्यांवरचा विश्वास मात्र सभ्य चर्चा पाहणाऱ्यांपेक्षा कमी भरला.

मट्झ यांनी पुढे कॅमेऱ्याचं अंतरही तपासलं. प्रत्यक्षात कुणी अंगावर आलं तर आपण मागे सरकतो. टीव्हीवर नेमका त्याच क्षणी कॅमेरा चेहऱ्याला भिडतो. अशी जवळून दाखवलेली भांडणं पाहणाऱ्यांना विरोधी बाजूचे मुद्दे चांगले लक्षात राहिले. ती बाजू रास्त असू शकते, हे मानण्याची तयारी मात्र घटली.