कॅमेलिऑनला श्वासाचा त्रास होतोय हे ओळखायचं कसं, खास करून कोल्हापूरच्या पावसाळ्यात

कॅमेलिऑनला, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याला, आपल्यासारखं खोकता येत नाही. छातीत कफ झाला की आपण जोर लावून बाहेर काढतो, त्यासाठी आपल्याकडं छाती आणि पोटाच्या मधला पडदा असतो. ह्यांच्यात तो पडदाच नाही, बरगड्यांच्या स्नायूंनी छाती फुगवायची आणि सोडायची, एवढ्यावरच सगळं चालतं. फुप्फुसं म्हणजे पातळ पिशव्या, त्यांना मागं पोटापर्यंत गेलेले बोटांसारखे फाटे, म्हणून तर हा प्राणी चिडला की एवढा टम्म फुगतो. पण तिथं एकदा घाण साचली की ती वर येत नाही, त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, खव्यासारखा घट्ट असतो. म्हणून थोडे दिवस बघू, आपोआप बरं होईल, असं इथं चालत नाही.

आता आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट आठवा. आठवडा आठवडा ऊन नाही, झड आत येते म्हणून खिडक्या बंद, कपडे घरातच वाळत घातलेले, भिंतीला ओल, आणि मधेच लाईट जाते म्हणजे पिंजऱ्यावरचा उन्हाचा बल्ब पण बंद. येमेनचा वेल्ड कॅमेलिऑन असो नाहीतर मादागास्करचा पँथर कॅमेलिऑन, दोघांना ओलावा लागतोच, पण त्यांच्या मुलखात हवा खेळती असते आणि सकाळी ऊन निघतं. ओल, गारठा आणि कोंडलेली हवा तिन्ही एकत्र आलं की जंतूंचं फावतं. ह्यांची प्रतिकारशक्ती अंगातल्या उबेवर चालते, मोठ्या वेल्डला दिवसा बल्बखाली साधारण ३० अंशांची जागा मिळाली नाही तर ती थंडच पडते. तरी लोक बाहेर धो धो पाऊस असताना आत मिस्टर (पाण्याचा बारीक फवारा मारणारं यंत्र) चालूच ठेवतात! माझं स्पष्ट मत आहे, पावसाळ्यात फवारणी एकदम कमी करा, दोन फवारण्यांच्या मधे पानं पूर्ण सुकली पाहिजेत, काचेच्या पेटीऐवजी जाळीचा पिंजरा ठेवा आणि बल्ब इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात लाईटचे काय हाल झाले ते आपण बघितलंय.

कारणं अजून पण आहेत. सिरिंजनं जबरदस्तीनं पाणी पाजलं तर ते सरळ श्वासनळीत जाऊ शकतं, कारण तिचं तोंड जिभेच्या अगदी जवळच असतं. व्हिटॅमिन ए कमी पडलं की श्वासमार्गाचं आतलं अस्तर कोरडं आणि जाड होतं, मग जंतू सहज बसतात (पण ते जास्त झालं तरी विषारी, म्हणून डोस डॉक्टरच ठरवणार). आणि धूर. मच्छरची कॉइल, धूप, उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजतो तो खाट, आपल्याला ठसका लागतो तर त्या एवढ्याशा फुप्फुसांचं काय होत असेल, त्या दिवशी पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या.

ओळखायचं कसं? सकाळी बल्ब लावायच्या आधी, घर शांत असताना पिंजऱ्याजवळ कान द्या. श्वासाबरोबर बारीक टिक टिक किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, ही फार लवकरची खूण आहे आणि नेमकी हीच सुटते. नंतर नाकाशी बुडबुडा किंवा तोंडात चिकट तार दिसते, दिवसा डोळे मिटलेले, रंग काळपट, खाणं बंद. बल्बखाली तोंड उघडलं तर घाबरू नका, गरम झालं की ते तसं करतात आणि सावलीत गेले की मिटतात. सावलीत, गार जागेत, मान ताणून तोंड आभाळाकडं करून बसला असेल तर मात्र आजार बराच पुढं गेलाय. वेल्डच्या नाकावरची पांढरी कोरडी पूड बहुतेक वेळा मीठ असतं, तो कफ नव्हे.

असं काही दिसलं तर ऊब नीट करा, फवारणी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा. वाफ, बाम, हळद, माणसांच्या अँटिबायोटिकचे थेंब, यातलं काहीच नको. डॉक्टर एक्स-रे काढतात, घशातला स्वॅब घेऊन कुठला जंतू आणि कुठलं औषध ते बघतात. इंजेक्शनं काही आठवडे चालतात, काही औषधं ७२ तासांतून एकदाच द्यायची असतात, त्यामुळं जरा तरतरीत दिसला म्हणून कोर्स अर्ध्यात सोडू नका.

आपल्या झाडीत सापडणारा देशी कॅमेलिऑन मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, तो घरात ठेवायचाच नाही, जखमी किंवा धापा टाकताना दिसला तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा.

सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम जाणणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, पुण्याला न्यायची वेळ आली तर हवेशीर खोक्यात एक फांदी घालून न्या, गाडीचा एसी थेट अंगावर नको. आणि निघायच्या आधी घरीच त्या आवाजाचा, श्वास घेतानाचा व्हिडिओ काढा, कारण टेबलावर घाबरलेला प्राणी फुगून गप्प बसतो आणि डॉक्टरला नेमकं तेच ऐकायला मिळत नाही.