परफेक्ट गेम

परफेक्ट गेम : बेसबॉलमधील पिचरची (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची) एक दुर्मिळ कामगिरी. नऊ इनिंगमध्ये (प्रत्येक इनिंगमध्ये तीन बाद) प्रतिस्पर्धी संघाचे २७ च्या २७ बॅटर ओळीने बाद झाले आणि संपूर्ण सामन्यात एकालाही पहिला बेस (धाव पूर्ण करण्याच्या वाटेवरील पहिला थांबा) गाठता आला नाही, तर तो सामना परफेक्ट गेम ठरतो. ‘नो-हिटर’ हा त्याहून सौम्य प्रकार. त्यात फटक्याच्या बळावर कोणी बेसवर आलेला नसतो. मात्र वॉक (पिचरने ठरावीक संख्येने चुकीचे चेंडू म्हणजे ‘बॉल’ टाकल्यावर मिळणारा पहिला बेस) मिळून, अंगाला चेंडू लागून किंवा क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बॅटर बेसवर आला तरी चालते. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये १८८० ते २०२३ या काळात २४ परफेक्ट गेम अधिकृतपणे नोंदले गेले आहेत. खेळले गेलेले एकूण सामने दोन लाखांहून अधिक आहेत. कोणत्याही पिचरला तेथे ही कामगिरी दोनदा साधलेली नाही.

क्रिकेटमधील डावातले दहाही बळी एकट्याने घेण्याशी याची तुलना केली जाते, ती फारशी नेमकी नाही. तेथे प्रत्येक बळी गोलंदाजाच्या नावावर असावा लागतो. येथे पिचरने एकही बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बाद) केला नाही तरी हरकत नसते, पण आठ सहकाऱ्यांपैकी एकाच्याही हातून चेंडू निसटून बॅटर बेसवर आला की सगळे संपते. २३ जुलै २००९ रोजी शिकागो व्हाइट सॉक्सच्या मार्क बर्लीला हे यश मिळाले, ते नवव्या इनिंगमध्ये ड्वेन वाइझने सेंटर फील्डच्या भिंतीवर झेपावून होमरन (भिंतीपलीकडे जाणारा फटका) अडवल्यामुळे. वाइझला त्याच इनिंगसाठी बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात आणले होते.

आद्य सामने : पहिला परफेक्ट गेम १२ जून १८८० रोजी ली रिचमंड याने वूस्टर संघाकडून क्लीव्हलंडविरुद्ध टाकला (१–०). रिचमंड तेव्हा ब्राउन विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आदली रात्र त्याने वर्गमित्रांबरोबर जागून काढली होती, अशी कथा सांगितली जाते. या सामन्यात राइट फील्डर (उजवीकडचा दूरचा क्षेत्ररक्षक) लॉन नाइट याने आपल्याकडे आलेला चेंडू थेट पहिल्या बेसवर फेकून बॅटरला बाद केले. एरवी तो फटका बेस मिळवून देणाराच होता. पाचच दिवसांनी, १७ जूनला, प्रॉव्हिडन्सच्या जॉन माँटगोमेरी वॉर्डने बफलोविरुद्ध तेच करून दाखवले (५–०). त्यानंतर नॅशनल लीगमधील (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) पुढच्या परफेक्ट गेमसाठी ८४ वर्षे जावी लागली (जिम बनिंग, २१ जून १९६४).

हे दोन सामने आजच्या यादीत कितपत बसतात याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १८८० मध्ये पिचर सुमारे ४५ फुटांवरून चेंडू टाकत असे (आजचे ६० फूट ६ इंचांचे अंतर १८९३ पासूनचे आहे). चेंडू कमरेखालून टाकावा लागे, तो उंच हवा की खाली हे बॅटर आधी सांगे, आणि वॉक मिळण्यासाठी चार नव्हे तर आठ बॉल पडावे लागत. फाउल (रेषेबाहेर) गेलेला चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी बॅटर बाद धरला जाई. या सवलती पाहता ती कामगिरी तुलनेने सोपी होती असा एक पक्ष आहे. त्यावर दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, त्या काळी क्षेत्ररक्षक बहुधा उघड्या हातांनी खेळत आणि मैदानेही ओबडधोबड असत. त्यामुळे चुका आजच्या मानाने कितीतरी जास्त होत, आणि चूक-विरहित नऊ इनिंग हीच मोठी अडचण होती. हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. तरीही मेजर लीगच्या अधिकृत यादीत कायम असलेले हे दोन सामने १८९३ नंतरच्या सामन्यांपासून वेगळे मांडणेच बरे. तसे केले की ‘आधुनिक’ काळातील पहिला मान साय यंग याच्याकडे जातो (बॉस्टन वि. फिलाडेल्फिया, ५ मे १९०४).

संज्ञा : ‘परफेक्ट गेम’ हा शब्दप्रयोग १९२२ मध्ये अर्नेस्ट लॅनिगन याने आपल्या बेसबॉल-कोशात चार्ली रॉबर्टसनच्या त्या वर्षीच्या सामन्याबाबत प्रथम केला, असे विधान काही संदर्भग्रंथांत आढळते. ते टिकत नाही. २ ऑक्टोबर १९०८ रोजी क्लीव्हलंडच्या अॅडी जॉसने शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध अवघ्या ७४ चेंडूंत २७ बॅटर बाद केले, त्या सामन्याच्या शिकागो ट्रिब्यूनमधील वृत्तान्तात हा शब्दप्रयोग स्पष्टपणे येतो. १८८० च्या वृत्तान्तांतही ‘परिपूर्ण खेळ’ या अर्थाचे शब्द आहेत, पण ते क्षेत्ररक्षणाच्या स्तुतीसाठी वापरलेले दिसतात. जॉसच्या सामन्यात हरलेला पिचर एड वॉल्श यानेही १५ बॅटर स्ट्राइकआउट केले होते, हे सहसा विसरले जाते.

व्याख्या व वगळलेले सामने : बराच काळ या कामगिरीची काटेकोर व्याख्या नव्हती. सप्टेंबर १९९१ मध्ये मेजर लीगचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती ठरवली : सामना किमान नऊ इनिंगचा असावा आणि तो संपेपर्यंत प्रत्येक बॅटर बाद झालेला असावा. नो-हिटरलाही अशीच अट लावल्याने जुन्या यादीतील सुमारे ५० नो-हिटर एका फटक्यात गळाले. पावसामुळे पाच इनिंगमध्ये संपलेला डेव्हिड पामरचा १९८४ चा सामनाही त्यांतच गेला.

अर्नी शोरचे वगळणे पटण्यासारखे आहे. २३ जून १९१७ रोजी बॉस्टनकडून सुरुवात केली होती ती बेब रूथने. पहिल्याच बॅटरला वॉक दिल्यावर रूथ अंपायर ब्रिक ओवेन्सशी भांडला, त्याला ठोसा लगावला आणि मैदानाबाहेर घालवला गेला. शोर आला, बेसवरचा खेळाडू बेस चोरताना (फटका नसताना पुढच्या बेसकडे धावताना) बाद झाला आणि पुढचे २६ बॅटर शोरने ओळीने बाद केले. सामना मोठाच, पण एक बॅटर बेसवर गेला होता ही वस्तुस्थिती उरतेच.

हार्वी हॅडिक्सचे प्रकरण अवघड आहे. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्गच्या या पिचरने, सर्दी-तापाने बेजार असताना, मिलवॉकीचे ३६ बॅटर ओळीने बाद केले, म्हणजे १२ इनिंग निर्दोष टाकल्या. पण त्याच्या संघाला मिलवॉकीचा पिचर लू बर्डेटविरुद्ध १२ हिट (बेस मिळवून देणारे फटके) मिळूनही धाव काढता आली नाही. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरील डॉन होकच्या चुकीने पहिला बॅटर बेसवर आला. पुढे हँक आरनला मुद्दाम वॉक देण्यात आला आणि जो अॅडकॉकने चेंडू भिंतीपलीकडे मारला. गोंधळात आरन वाट सोडून परतला आणि अॅडकॉक त्याच्या पुढे गेला. त्यामुळे होमरनचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका) धरला गेला आणि सामना १–० असा संपला. पेद्रो मार्टिनेझनेही ३ जून १९९५ रोजी नऊ इनिंग निर्दोष टाकल्या, पण दहाव्या इनिंगच्या पहिल्याच बॅटरने त्याला डबल मारला. व्याख्येतील ‘सामना संपेपर्यंत’ हे शब्द पाहता समितीचा निर्णय तर्काला धरून आहे. मात्र इनिंग मोजताना इतकी कठोर झालेली समिती १८८० नंतरच्या नियमांतील बदलांकडे पाहताना उदार का राहिली, हा प्रश्न रास्त आहे.

आर्मांडो गालारागाचा सामना व्याख्येमुळे नव्हे, अंपायरच्या निर्णयामुळे गेला. २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे २७ वा बॅटर पहिल्या बेसवर स्पष्ट बाद असताना अंपायर जिम जॉइस यांनी त्याला सुरक्षित ठरवले. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी जाहीरपणे चूक मान्य केली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी त्यांच्या हाती देण्यासाठी गालारागाच मैदानावर गेला. आयुक्तांनी निर्णय मात्र बदलला नाही. चित्रफितीद्वारे फेरतपासणीची व्याप्ती २०१४ मध्ये वाढवण्यात आली, त्यामागच्या चर्चेत हा सामना वारंवार पुढे येत असे.

उल्लेखनीय सामने : वर्ल्ड सिरीजमधील (मेजर लीगच्या अंतिम विजेतेपद मालिकेतील) एकमेव परफेक्ट गेम न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन लार्सनचा आहे (८ ऑक्टोबर १९५६, ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध, २–०). दोनच वर्षांपूर्वी त्याने एका हंगामात २१ सामने गमावले होते, आणि त्याच सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात त्याला दोन इनिंगही टिकता आले नव्हते. डॉजर्सच्या सँडी कूफॅक्सच्या ९ सप्टेंबर १९६५ च्या सामन्यात शिकागो कब्जच्या बॉब हेंडलीने केवळ एक हिट दिला, आणि डॉजर्सची एकमेव धाव त्या हिटवर नव्हे, कॅचरच्या चुकलेल्या फेकीवर आली. २०१२ या एकाच हंगामात तीन परफेक्ट गेम झाले. त्यानंतर थेट २८ जून २०२३ रोजी डोमिंगो हेर्मानने तो साधला.

जपानमधील पहिला परफेक्ट गेम हिदेओ फुजिमोतोचा. त्याचीही तारीख २८ जूनच, साल १९५०. तेथील सर्वांत गाजलेला वाद २००७ च्या जपान सिरीजचा आहे. चुनिची ड्रॅगन्सच्या दाइसुके यामाईने आठ इनिंग निर्दोष टाकल्यावर व्यवस्थापक हिरोमित्सु ओचियाई यांनी त्याला काढून हितोकी इवासेला आणले. इवासेने उरलेले तिघे बाद केले, ड्रॅगन्सला ५३ वर्षांनी विजेतेपद मिळाले, आणि तरीही देशभर टीकेचा सूर उमटला. १० एप्रिल २०२२ रोजी रोकी सासाकीने विसाव्या वर्षी १९ स्ट्राइकआउटसह परफेक्ट गेम टाकला. त्यांत सलग १३ स्ट्राइकआउट होते. पुढच्याच सामन्यात आठ निर्दोष इनिंगनंतर त्याला विश्रांती देण्यात आली.

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये (१९४३–५४) साउथ बेंडच्या जीन फाउटने दोन परफेक्ट गेम टाकले, १९५१ व १९५३ मध्ये.

लोकसंस्कृती : निर्दोष सामना सुरू असताना डगआउटमध्ये (संघाच्या बसण्याच्या जागी) त्याचा उच्चार करायचा नाही, पिचरशी बोलायचेही नाही, हा संकेत सर्वपरिचित आहे. लार्सनने तो मोडून संघसहकारी मिकी मँटलजवळ विषय काढला होता. कूफॅक्सच्या सामन्यातील नवव्या इनिंगचे व्हिन स्कली यांचे रेडिओ समालोचन शब्दशः उतरवून पुढे अनेकदा छापले गेले. १९९९ च्या ‘फॉर लव्ह ऑफ द गेम’ या चित्रपटात केव्हिन कॉस्टनरने रंगवलेला वयस्क पिचर यांकीजविरुद्ध परफेक्ट गेम टाकतो. त्यात समालोचकाच्या भूमिकेत स्वतः स्कलीच आहेत.

साहित्यात सर्वांत विलक्षण उपयोग रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ च्या कादंबरीत आहे. तिचा नायक हिशेबनीस हेन्री वॉ फासे टाकून कागदावर एक संपूर्ण लीग चालवतो. नवोदित पिचर डेमन रदरफर्डला फासे परफेक्ट गेम देतात, आणि पुढे त्याच फाशांच्या निकालाने तो मैदानावर मरतो. यांकीजच्या डेव्हिड वेल्सने १९९८ चा आपला सामना अर्धवट नशेत टाकल्याचे २००३ च्या आत्मचरित्रात लिहिले. त्या पुस्तकाबद्दल संघाने त्याला एक लाख डॉलर दंड केला. लार्सन आणि वेल्स सॅन दिएगोतील एकाच हायस्कूलचे विद्यार्थी होते.

२०१० मध्ये ‘एमएलबी २के१०’ या व्हिडिओ गेममध्ये पहिला परफेक्ट गेम टाकणाऱ्यासाठी दहा लाख डॉलरचे बक्षीस ठेवण्यात आले होते; ते त्याच वर्षी अलाबामातील एका खेळाडूने मिळवले.