बांटू भाषांतील क्रियापदांचे अर्थांतर

बांटू भाषांतील क्रियापदांचे मूळ अर्थ काळाच्या ओघात बदलणे आणि त्यांतून नवी क्रियापदे, काळवाचक प्रत्यय वा अव्यये तयार होणे. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या या कुळात सुमारे ५०० भाषा मोडतात. स्वाहिली, झुलू, शोना, गांडा, चेवा, त्स्वाना या त्यांतल्या परिचित भाषा. बहुतेकींना जुने लिखित साहित्य नाही, त्यामुळे अर्थाचा इतिहास भगिनीभाषांच्या तुलनेतूनच लावावा लागतो. या तुलनेचा ध्वनिविषयक पाया जर्मन भाषाशास्त्रज्ञ कार्ल माइनहोफ यांनी १८९९ मध्ये घातला. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ मॅल्कम गथ्री यांचा चार खंडांतील तौलनिक अभ्यास १९६७ ते १९७१ या काळात प्रसिद्ध झाला.

बांटू क्रियापद म्हणजे एका शब्दात गुंफलेले वाक्यच. स्वाहिलीत ‘निलिम्पिकिआ’ (मी त्याच्यासाठी स्वयंपाक केला) याची फोड अशी: नि (मी), लि (भूतकाळ), म् (त्याला), पिक् (शिजवणे), इ (साठी) आणि शेवटचा आ. यातला ‘लि’सुद्धा एके काळचा ‘असणे’ हा धातू आहे. अर्थांतराच्या मुख्य जागा या साखळीतच असतात: धातूच्या आधी काळवाचकांचे स्थान आणि धातूनंतर विस्तारक (वरच्या ‘इ’सारख्या, धातूचा अर्थ वाढवणाऱ्या) प्रत्ययांचे. नुसत्या रूपक-लक्षणेने बांटूतले अर्थबदल समजावू पाहणारी विवेचने म्हणूनच अपुरी पडतात.

धातूच्या आधीच्या जागेत काय घडते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्वाहिली भविष्यकाळ. ‘ताका’ म्हणजे इच्छिणे. ‘आताका कुजा’ (त्याला यायचे आहे) याचे आकुंचन होऊन ‘आताकुजा’ (तो येईल) झाले. ‘जा’ (येणे) या एकाक्षरी धातूमागचा ‘कु’ हा भाववाचक (मराठी ‘-णे’सारखा) प्रत्यय आजही तिथे टिकला आहे. ‘इच्छिणे’नंतर तो लागायचाच, त्याची ही खूण. त्याहून पक्का पुरावा संबंधी रूपात मिळतो. ‘जो येईल तो’ म्हणायचे तर स्वाहिलीभाषक ‘आताकायेकुजा’ म्हणतो. तिथे ‘ताका’ अखंड आहे, पण इच्छेचा अर्थ पार गेलेला. पूर्णकाळाचीही तीच कथा. ‘आमेक्विशा कुला’ (त्याने खाणे संपवले) याचे बोलण्यात ‘आमेशाकुला’ (त्याचे जेवण झालेही) झाले आणि ‘संपणे’ या क्रियापदाचा फक्त ‘शा’ उरला.

झुलूत ‘झा’ (येणे) आणि ‘या’ (जाणे) या दोन्ही क्रियापदांपासून भविष्यकाळ बनले. मराठी कानाला हा ‘या’ नेमका उलटा लागतो. पुढे ‘उकु’ हा भाववाचक प्रत्यय येऊन आ आणि उ यांचा ओ झाला: ‘न्गिझोहाम्बा’ म्हणजे मी लवकरच जाईन, ‘न्गियोहाम्बा’ म्हणजे पुढे केव्हातरी जाईन. येणाऱ्यापासून जवळचा आणि जाणाऱ्यापासून दूरचा भविष्यकाळ निघाला.

‘बोलणे’ या अर्थाच्या धातूंचे अव्यय होणे बांटूत सर्रास आढळते. स्वाहिली ‘क्वाम्बा’ (की, असे) हे ‘आम्बा’ (बोलणे) याचे भाववाचक रूप. ‘आम्बिया’ (सांगणे) या रूपात जुना अर्थ जिवंत आहे. शोना व चेवातील ‘कुती’ आणि झुलूतील ‘उकुथी’ हेही म्हणण्याच्या धातूचेच. मराठीतील ‘म्हणून’ आणि ‘म्हणजे’ याच वाटेने आले.

धातूनंतरच्या विस्तारकांत बदलाची तऱ्हा निराळी. प्रत्यय धातूला चिकटून राहतो आणि जोडअर्थ स्वतंत्र होतो. स्वाहिली ‘ओना’ (पाहणे) याचे जुने प्रयोजक रूप ‘ओन्या’. त्याचा अर्थ ‘ताकीद देणे’ असा सरकल्यावर ‘दाखवणे’साठी पुन्हा नवा प्रयोजक प्रत्यय लावून ‘ओन्येशा’ घडवावे लागले. एकाच धातूवर दोन प्रयोजक दिसले की पहिला गोठला आहे असे समजावे. त्याच धातूचे ‘ओनेआ’ म्हणजे छळणे, तर ‘ओनाना’ (एकमेकांना पाहणे) म्हणजे भेटणे. ‘आम्का’ (जागे होणे) यापासूनचे ‘आम्किआ’ हे अभिवादन करण्यासाठी वापरतात. झुलूत ‘फुंडा’ (शिकणे) याच्या प्रयोजकापासून आलेला ‘उम्फुंडिसी’ म्हणजे शिकवणारा. आज तो ख्रिस्ती धर्मोपदेशक असतो.

लिहिण्यावाचण्याची क्रियापदे बहुधा हाताशी असलेल्या जुन्या धातूंवरूनच घडली. चेवा ‘वेरेंगा’ आणि त्स्वाना ‘बाला’ यांचा अर्थ मोजणेही आहे आणि वाचणेही. शोनात ‘न्योरा’ म्हणजे कातडीवर चिरा देऊन केलेल्या गोंदणखुणा, आणि ‘कुन्योरा’ म्हणजे लिहिणे. गांडा भाषकांच्या बुगांडा राज्यात (आजच्या युगांडात) १८७७ मध्ये प्रॉटेस्टंट आणि १८७९ मध्ये कॅथलिक मिशनरी आले. तिथे ‘ओकुसोमा’ (वाचणे) याला प्रार्थनेला जाण्याचाही अर्थ आला व नवख्रिस्त्यांना ‘आबासोमी’, म्हणजे वाचणारे, म्हणू लागले.

कारागिरीतल्या क्रियापदांत स्वाहिली ‘फुआ’ लक्षणीय आहे. लोखंड ठोकून घडवणे, नारळ सोलणे, आपटून कपडे धुणे हे त्याचे अर्थ. आता ‘कुफुआ उमेमे’ म्हणजे वीजनिर्मिती करणे. ‘पिगा’ (मारणे) याचे क्रियापद म्हणून वजन जवळजवळ उरलेले नाही: ‘पिगा सिमू’ फोन करणे, ‘पिगा पिचा’ फोटो काढणे, ‘पिगा कुरा’ मत देणे, ‘पिगा पासी’ इस्त्री करणे. हाक मारणारे आणि गप्पा मारणारे मराठी भाषक इथे अडखळणार नाहीत. टांझानियात सरकारी मुद्रकाला ‘म्पिगाचापा’ म्हणतात. त्यातला ‘चापा’ हा हिंदी महासागरापलीकडून गेलेला आपला ‘छाप’. ‘खाणे’ही असेच पसरले आहे. स्वाहिलीत लाच ‘खातात’ (कुला रुश्वा), गांडात राजा राज्य ‘खातो’.

अर्थ जुळवताना चुका ठरावीक ठिकाणी होतात. स्वाहिलीने सूरभेद (सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलणे) गमावला, म्हणून दोन धातू एकसारखे ऐकू येतात. ‘कुपांडा म्ती’ म्हणजे झाडावर चढणे आणि झाड लावणेही. या दोन अर्थांना परस्पर जोडण्याआधी सूर राखलेल्या भाषांतील जोड्या तपासाव्या लागतात. उसने धातू शेवटच्या स्वरावरून बरेचसे ओळखू येतात: एतद्देशीय धातू ‘आ’कारान्त, तर ‘फिकिरी’ (विचार करणे), ‘जिबू’ (उत्तर देणे), ‘सामेहे’ (क्षमा करणे) हे अरबीतून आलेले. ‘शा’सारखी झिजलेली रूपे ध्वनिनियम पाळत नाहीत, त्यांचे मूळ ठरवायला संबंधी वा नकारार्थी रूपांत जुना धातू शिल्लक आहे का, ते आधी पाहतात. एखादा अर्थ एकाच भाषेत आढळला तर तो आद्य बांटूवर, म्हणजे या भाषांच्या तुलनेतून पुनर्रचलेल्या मूळ भाषेवर, लादता येत नाही. ‘बुम्ब्’ या पुनर्रचित धातूचा मूळ अर्थ मातीला आकार देणे असा धरतात, कारण झुलू ‘बुम्बा’ आणि शोना ‘उम्बा’ यांत तो आहे. ‘विश्व निर्माण करणे’ हा स्वाहिली ‘उम्बा’चा अर्थ नंतरचा.