खोक्यावर छापलेला वेग

इंदूरच्या रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये मंदावलेला लॅपटॉप नेला, की ‘एसएसडी टाकून घ्या’ हा सल्ला आज हमखास मिळतो आणि बहुतेक वेळा तो योग्यच असतो. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपांत मजकूर साठवणारी डिस्क. 2008 च्या सुमारास, एसएसडी नुकत्याच घरगुती संगणकांत येऊ लागल्या होत्या तेव्हा, हा सल्ला इतक्या निःशंकपणे देता आला नसता. त्यांतील काही डिस्क हार्ड डिस्कला सहज मागे टाकत, तर काहींमुळे संगणक काम करता करता मध्येच थिजत असे; खोक्यावरचे आकडे मात्र दोन्हींचे भुरळ पाडणारेच असत.

हार्ड डिस्कची खरी अडचण हालचालीची आहे. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीवरील हवी ती जागा वाचकाग्राखाली (मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यास सरासरी 4 मिलिसेकंद लागतात आणि वाचकाग्र योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी 8-9 मिलिसेकंद जातात. परिणामी, इतस्ततः विखुरलेले तुकडे वाचायचे असले, तर सेकंदाला जेमतेम 80 तुकडे हाती लागतात. फ्लॅश चिपमध्ये हलणारा भागच नसल्याने वाचनातील हा खोळंबा जवळजवळ नाहीसा होतो.

लिहिण्याची गोष्ट वेगळी आहे. फ्लॅशमध्ये मजकूर ‘पेज’ या लहान भागात लिहिला जातो, पण पुसला जातो तो ‘ब्लॉक’ या मोठ्या भागात. इंटेलने सप्टेंबर 2008 मध्ये आणलेल्या एक्स25-एम या डिस्कमध्ये पेज 4 किलोबाइटचे, तर ब्लॉक 512 किलोबाइटचा होता. म्हणजे एका ब्लॉकमध्ये 128 पेजे. ज्या पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण पुसायची झाली तर सगळी पाटीच पुसावी लागते, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून डिस्कमधील कंट्रोलर ही नियंत्रक चिप बदललेली ओळ दुसऱ्या कोऱ्या जागी लिहितो, कोणती ओळ कुठे आहे याचा नकाशा ठेवतो आणि सवडीने जुने ब्लॉक पुसतो. एसएसडीचे सारे यश या हिशेबनीसावर अवलंबून असते.

जेमायक्रॉन या कंपनीचा जेएमएफ602 हा कंट्रोलर नेमका इथेच कमी पडला. 2008 मधील अनेक स्वस्त एसएसडींमध्ये तो होता आणि सलग मोठी फाइल वाचताना त्याचा वेग उत्तम दिसे. मात्र ब्राउझर आणि अँटिव्हायरस एकाच वेळी लहान लहान नोंदी करू लागले, की एखादी नोंद अर्धा सेकंद आणि कधी त्याहूनही अधिक काळ अडकून पडे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक व्हाउचर जतन करताना पडदा थिजला, तर खोक्यावरचा सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट हा आकडा काय कामाचा? याउलट एक्स25-एमचा सलग लेखनाचा जाहीर वेग सेकंदाला अवघा 70 मेगाबाइट, म्हणजे तेव्हाच्या चांगल्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी होता. तरीही ही डिस्क बसवलेला संगणक चपळ वाटे, कारण लहान नोंदी ती अडखळू देत नसे. 80 गिगाबाइटच्या या डिस्कचा घाऊक दर 595 डॉलर होता, हेही नोंदवले पाहिजे. माझ्या मते एसएसडीची खरी परीक्षा तिच्या सर्वाधिक वेगात नसून सर्वांत लांबलेल्या प्रतीक्षेत आहे.

दुसरी अडचण वापराने उघड होई. नवी डिस्क कोरी असल्याने वेगवान असते; पण फाइल काढून टाकली, तरी विंडोज फक्त आपल्या यादीत तशी खूण करी आणि त्याची खबर डिस्कला मिळतच नसे. निकामी मजकूरही मोलाचा समजून ती इकडून तिकडे हलवत बसे, त्यामुळे लेखन मंदावे आणि चिपांची झीजही वाढे. ऑक्टोबर 2009 मध्ये आलेल्या विंडोज 7 ने ‘ट्रिम’ या आदेशाद्वारे ही खबर पोहोचवण्याची सोय केली. त्याआधीच्या विंडोज एक्सपीमध्ये ती नव्हती आणि एक्स25-एमच्या पहिल्या पिढीलाही ट्रिम मिळाले नाही, ते फक्त दुसऱ्या पिढीला मिळाले.

त्या काळातील एक दोष आजही जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) करताना सोबत येऊ शकतो. एक्सपी पहिले पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पहिला विभाग, 512 बाइटच्या 63 व्या सेक्टरपासून, म्हणजे 32,256 बाइटपासून सुरू करी. या संख्येला 4,096 ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे 4 किलोबाइटची प्रत्येक नोंद दोन पेजांवर विभागली जाते आणि एका लेखनाऐवजी दोन पेजांना हात लावावा लागतो. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये डिस्कच्या तपशिलात ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’, म्हणजे पार्टिशन कितव्या बाइटपासून सुरू होते, ही ओळ असते. तिथे 10,48,576 दिसले तर चिंता नाही, कारण या संख्येला 4,096 ने नेमका 256 चा भाग जातो. 32,256 दिसले, तर मजकुराची प्रत बाजूला काढून पार्टिशन नव्याने करून द्यावे, असे दुकानदाराला आवर्जून सांगावे.