हातांच्या स्वच्छतेचे आभासी वास्तवातील प्रशिक्षण

परिचारिका, रुग्णालयातल्या मावशी-मामा, वृद्धाश्रमातील सेविका आणि घरी येणारे काळजीवाहक यांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून, आभासी खोलीत त्यांच्याकडून रुग्णसेवेची कामे करून घेत हातांची स्वच्छता शिकवण्याची पद्धत. हात ‘कधी’ स्वच्छ करायचे हे ती उत्तम शिकवते. ‘कसे’ करायचे यात मात्र ती कच्ची आहे, आणि हे कच्चेपण यंत्राच्या रचनेतूनच आलेले आहे.

व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही ही सवय रुग्णालयांत पुरती रुजलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेत एकत्र केलेल्या पाहण्यांनुसार, हात स्वच्छ करण्याच्या संधींपैकी सरासरी 38.7 टक्के संधीच पाळल्या जात होत्या. याच मार्गदर्शिकेत ‘पाच क्षण’ दिलेले आहेत : रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. बहुतेक आभासी प्रशिक्षणे या पाच क्षणांवरच बेतलेली असतात. एसिटी या स्वीडिश कंपनीच्या टॉर्क ब्रँडने तयार केलेले प्रशिक्षणही त्यांपैकीच. ‘नंतर’चे बरेचसे क्षण माणूस आपणहून पाळतो, कारण हात मळल्याची किळस येते. ‘आधी’चे क्षण सुटतात, कारण तेव्हा हात स्वच्छच वाटत असतात.

एक नमुना प्रसंग असा : अंथरुणाला खिळलेले आजोबा, लघवीची नळी घातलेली, नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे पोटात पातळ अन्न पोहोचवणारी नळी. काळजीवाहक दाराची कडी उघडून आत येते. आजोबांना हात लावण्यापूर्वी हँडरब (हातांना चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण), हा पहिला क्षण. पुढे लघवीची पिशवी रिकामी करायची. तिचा खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडण्यापूर्वी दुसरा क्षण, मग हातमोजे. कॉकचे टोक भांड्याला टेकू द्यायचे नाही. काम झाले की मोजे काढून लगेच पुन्हा हँडरब, हा तिसरा क्षण. त्यानंतर ट्यूबमधून फीड द्यायचे असेल तर तो पुन्हा दुसरा क्षण असतो. मात्र मोजे काढल्यावर थेट ट्यूबकडेच वळायचे असेल तर दोन्ही क्षण एकाच हँडरबने साधतात. मधे मोबाइल उचलला किंवा कॉटचा कठडा धरला की पुन्हा हात चोळणे आले. हा बारकावा ज्या प्रोग्रॅममध्ये नाही, तो अचूक वागणाऱ्याचेही गुण कापतो. विकत घेण्यापूर्वी नेमके हेच तपासावे. मोज्यांच्या बाबतीत चुका फार होतात. मोजे घातले म्हणजे हात स्वच्छ, अशा समजुतीने पिशवीवरचेच मोजे ट्यूबपर्यंत जातात. चांगल्या प्रोग्रॅममध्ये अशा वेळी मोज्यांवरचे जंतू रंगीत ठिपक्यांसारखे दिसू लागतात आणि ज्याला हात लागेल त्याच्यावर उमटत जातात. चित्रफितीपेक्षा हे जास्त लक्षात राहते, कारण ठिपके आपल्याच हातांमागून येत असतात.

आता ‘कसे’ याबद्दल. हँडरबने 20 ते 30 सेकंद, साबण-पाण्याने सगळी क्रिया मिळून 40 ते 60 सेकंद लागतात. तळहाताचा खळगा भरेल इतका हँडरब घ्यावा लागतो आणि हात कोरडे होईपर्यंत चोळावे लागतात. हेडसेटमधले कॅमेरे बोटांच्या हालचाली टिपतात, पण एक हात दुसऱ्याआड गेला की त्यांना मागचा हात दिसत नाही. हात चोळताना तर दोन्ही हात सतत एकमेकांआड असतात. त्यामुळे पडद्यावरची बोटे वेडीवाकडी होतात किंवा हात गायबच होतो, आणि अंगठा नीट चोळला की नाही हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून अनेक प्रोग्रॅम नुसता डिस्पेन्सर दाबला तरी ‘हात स्वच्छ’ असे धरून चालतात. हातात कंट्रोलर, म्हणजे बटणे असलेली मूठ, असेल तर चोळण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ओलेपणा, वास, कोरडे होण्याची वाट पाहणे यांतले काहीच अनुभवाला येत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. हेडसेट उतरवल्यावर अतिनील प्रकाशात चमकणारे लोशन हाताला चोळायला देऊन हात दिव्याखाली धरायला लावावेत. अंगठे, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या कोरड्या राहिलेल्या लगेच दिसतात. क्रम पाठ करायला भारतात ‘सुमन-के’ हे सूत्र रुळले आहे : सीधा, उल्टा, मुट्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. मनगटभर बांगड्या असतील तर शेवटची पायरी नावापुरतीच उरते.

हात डोळ्यांना दिसतील इतके मळले असतील, किंवा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूमुळे जुलाब होत असतील, तर हँडरब चालत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. अल्कोहोलने त्याचे बीजाणू मरत नाहीत. डायपर बदलण्याच्या प्रसंगात बेसिनच ठेवलेले नसेल तर प्रोग्रॅम चुकीची सवय लावतो.

तयार प्रसंग बहुधा परदेशी रुग्णालयातले असतात : स्वतंत्र खोली, भिंतीवर डिस्पेन्सर. घरी काम करणाऱ्या बाईजवळ खिशातली बाटली असते आणि बेसिन स्वयंपाकघरात. वृद्धाश्रमात तर रुग्णाचा ‘परिसर’ कुठे संपतो हेच ठरत नाही, कारण आजी जेवायला सगळ्यांबरोबर बसतात. घरातील आणि दीर्घकालीन सेवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये वेगळी पुस्तिका काढली. प्रसंग लिहिताना ती हाताशी असावी.

सत्रासाठी सुमारे दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा आणि भरपूर उजेड हवा. ऊन थेट भिंगांवर पडू देऊ नये, आतला पडदा जळतो. डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, यातून मळमळते. म्हणून पहिले सत्र दहा मिनिटांच्या आत, एका जागी उभे राहून करता येईल असे ठेवावे, आणि गरगरणाऱ्यांना खुर्ची द्यावी. भिंगांमधले अंतर प्रत्येकासाठी जुळवून घ्यावे, नाहीतर दृश्य धूसर दिसते आणि डोके दुखते. चष्मेवाल्यांसाठी वेगळी चौकट लावावी. हेडसेट हीदेखील अनेकांच्या हातांतून, चेहऱ्यांवरून फिरणारी वस्तू आहे. दर वेळी चेहऱ्याकडचे आवरण बदलावे, पट्टे व कंट्रोलर पुसावेत. भिंगे मात्र कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसावीत, अल्कोहोलने त्यांचा लेप खराब होतो. डोळे आलेल्याला त्या दिवशी हेडसेट न देता बाकीच्यांचे सत्र टीव्हीच्या पडद्यावर दाखवावे.